गुडघ्याएवढा खुंट

“मग यंदा रान मी दाखवू का नको, बाबा?”

हिरामणनं तिसऱ्यांदा विचारलं. पदूबाबा आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसून कोयत्याची मूठ सुतळीनं आवळत होते. त्यांना ऐकू आलं नसावं, किंवा चांगलंच ऐकू आलं असावं. त्यांच्या बाबतीत हे सांगणं अवघड होतं.

खडकवाडीचे ठाकर डोंगरउतारावर दळी करतात. दर साली एका तुकड्यातली झाडं तोडायची, पाला वाळवून जाळायचा आणि राखेत नाचणी घ्यायची. तीन पिकं निघाली की तो तुकडा सोडून द्यायचा, रान पुन्हा वर येईपर्यंत. तोड सुरू होण्याआधी एक माणूस पुढं चालतो आणि कुठलं झाड तोडायचं, कुठलं राखायचं, ते दाखवतो. चाळीस वर्षं हा मान पदूबाबांचा होता. पाच वर्षं हिरामण शिकत त्यांच्या मागून चालला होता आणि आता त्याला पुढं चालायची घाई झाली होती.

घाईला कारण होतं. गेल्या साली नाचणी घोट्याच्या वर गेलीच नाही. बावीस घरांपैकी सात घरं कुलपं लावून वीटभट्टीवर गेली. यंदाही कणगी रिकामी राहिली तर आपणही जायचं, असं हिरामणच्या बायकोनं, चांगुणानं, सांगून टाकलं होतं. हिरामणला भट्टी नको होती. रीत नीट पाळली तर रान उपाशी ठेवणार नाही, याची त्याला खात्री होती. म्हातारा थकलाय, तोड ढिली पडलीय, एवढंच काय ते बिघडलंय.

“तुला येतं?” पदूबाबांनी विचारलं.

“तुझ्या तोंडचं सगळं पाठ हाय.”

“म्हण.”

“आंबा, मोह, हिरडा राखायचा. ऐन, किंजळ तोडायचा. खुंट गुडघ्याएवढा ठेवायचा, म्हंजी फुटवा येतो. पाला चैत्रात जाळायचा. पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरी, तिसऱ्या साली खुरासणी. मग रान सोडायचं.”

एका दमात म्हणाला. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

“चुकलं काय?”

“नाय.”

“मग?”

“चल.”

माघाचं ऊन अंगावर घेत दोघं उतार चढले. पदूबाबा वाटेत दोनदा बसले. हिरामण मुद्दाम उभाच राहिला.

तुकड्यावर पोचल्या पोचल्या त्यानं कमरेचा कोयता काढला. पहिला ऐन गुडघ्यावर तोडला, अगदी सफाईनं. मग एक किंजळ तोडला. पदूबाबांनी अडवलं नाही आणि हिरामण मनातून सुखावला.

तिसरा ऐन जुन्या खुंटावर फुटलेला होता. फुटवे जेमतेम अंगठ्याएवढे जाड. हिरामणनं पाय लावून माप घेतलं आणि कोयता उचलला.

“याच्याकडं परत कवा येशील?”

कोयता वरच राहिला.

“बारा सालांनी. बारा तुकडे, बारा सालं.”

“तुकडे किती हायेत?”

हिरामणनं समोर पाहिलं. पलीकडच्या दांडावर तारेचं कुंपण होतं, आत बंगल्यांचे प्लॉट पाडलेले. ओढ्याकडचा उतार वनखात्याच्या रोपवनात गेला होता. हे त्याला आज कळलं असं नव्हे. पण बारा म्हणताना त्यानं ते कधी मोजून पाहिले नव्हते.

“पाच,” तो म्हणाला.

“मग?”

“पाच सालांनी येईन.”

“तवा हा केवढा असेल?”

हिरामण त्या अंगठ्याएवढ्या फुटव्याकडं बघत राहिला. मागच्या तोडीनंतर तो एवढाच वाढला होता; एवढ्याशा पाल्याची राख ती किती होणार! आधी त्याला लाज वाटली. मग राग आला.

“गुडघा तूच शिकवलास ना मला? पाय लावून दाखवलास.”

“दाखवला.”

“चुकीचा दाखवलास?”

“नाय.”

“मग मी काय करायचं?”

पदूबाबांनी त्याच्या हातातला कोयता काढून घेतला, पंचा खोचला आणि ते शेजारच्या उंच ऐनावर चढायला लागले. सत्तरी ओलांडलेला, वाटेत दोनदा बसलेला माणूस. फणस झेलायला उभं राहावं तसा हिरामण खाली हात पसरून उभा राहिला.

वर कोयता चालू झाला. बुंध्याला हात लागला नाही, शेंड्यालाही नाही. फक्त आडव्या फांद्या उतरल्या. पाल्याचा ढीग झाला आणि झाडाच्या एका अंगाला ऊन आलं. बुंध्याजवळ सावली तशीच राहिली.

“अशानं सावली ऱ्हाईल, बाबा. नाचणी सावलीत होत नाय.”

“उन्हात लाव नाचणी.”

“आन् सावलीत?”

“सुरण. हळद. बुंध्यावर कोनफळाचा वेल चढव. खालच्या बाजारात लोक मागून नेतात.”

पदूबाबा एवढं सलग बोलले, हेच पुष्कळ झालं. हिरामणला त्यांच्या घरामागचा ऐन आठवला. दोन वर्षं त्याच्यावर असाच वेल होता आणि म्हाताऱ्याला आता झाडही तोडवत नाही, म्हणून वाडी हसत होती. त्या हसण्यात हिरामणचा आवाज सगळ्यात मोठा होता.

“ही रीत कोणाची, बाबा?”

“माझ्या बानं बघितली असती तर मला झोडपलं असतं.”

खाली उतरल्यावर त्यांनी कोयता हिरामणच्या हातात दिला.

“घे. दाखव रान.”

“म्हंजी… यंदा मी?”

पदूबाबा पाल्यावर टेकले आणि त्यांनी विडी काढली.

हिरामण पुढच्या किंजळापाशी गेला. खाली वाडीत पंधरा घरांतून धूर निघत होता. पाठ केलेलं सगळं त्याच्या तोंडाशी आलं, पण त्यातलं काही या झाडाला लागू पडेना. एक फांदी लवलेली होती, एक वठलेली, दोन जोमदार. कुठली उतरवायची, कुठली ठेवायची… आयुष्यात पहिल्यांदा त्याला झाडाची भीती वाटली. तरी तो हटला नाही. त्यानं बुंध्याभोवती एक फेरी मारली, मग आणखी एक.

“बाबा, हा कुठं तोडू?”

पदूबाबांनी विडी पेटवली.

“बाबा?”

“मला काय विचारतोस,” पदूबाबा म्हणाले. “पाच सालांनी इथं तुला यायचंय.”