दोरवाली दुर्काबाई

सीना नदीच्या काठी बेलढोक नावाचं गाव आहे. ही गोष्ट कधीची, असं तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, आमच्या आजोबांनी ती त्यांच्या आजोबांकडून ऐकली. तेव्हा विहिरींवर मोटा चालत होत्या, नदीला उन्हाळ्यातही पाणी असे, आणि ख्रिस्ती वस्तीतलं दगडी मंदिर, म्हणजे चर्च, अजून नवं होतं.

त्या वस्तीत दुर्काबाई राहायची. तिचा नवरा इलीशा दोर वळायचा. धर्म बदलला होता, धंदा तोच राहिला होता. घायपाताची पानं ओढ्यात कुजवायची, झोडून त्यांचा वाख, म्हणजे चिवट धागा, काढायचा, तो वाळवायचा आणि मग त्याचे दोर वळायचे. मोटेचा नाडा असो, बैलाचा कासरा असो, वासराचं दावं असो, सगळं त्यांच्याच हातचं. दोर वळायला लांबलचक मोकळी जागा लागते, ती त्यांच्या झोपडीमागे कडुलिंबांच्या रांगेखाली होती. गाव तिला दोरमाळ म्हणायचं.

दुर्काचा थोरला भाऊ नथानिएल. सगळे त्याला नाथाभाऊ म्हणत. मंदिराची किल्ली त्याच्याकडे असे, घंटा तोच वाजवी, आणि प्रभुभोजनाचा प्याला लोकांतून तोच फिरवी. माणूस सरळ होता, बहिणीवर त्याचा जीव होता. पण मंदिराच्या बाबतीत तो फार हळवा. उंबऱ्यावर धूळ दिसली तरी स्वतःच्या उपरण्यानं पुसायचा.

इलीशाला आकडी यायची. एका रविवारी प्याला त्याच्या ओठांशी आला आणि त्याच क्षणी त्याचं अंग ताठ झालं. प्याला उडाला, द्राक्षरस फरशीवर सांडला, बायका किंचाळल्या. कुणीतरी म्हणालं, बाधा झालीय. मंडळीचे पंच बसले आणि त्यांनी ठरवलं, आकडी थांबत नाही तोवर इलीशानं बाहेर पायरीवर बसावं. त्याला दंडाला धरून बाहेर नेलं ते नाथाभाऊनंच. हळुवार धरलं होतं, रागानं नव्हे. हे तो पुढं जन्मभर सांगत राहिला, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

पुढच्या रविवारी इलीशा पायरीवर उन्हात बसला. आत गायन सुरू झालं. दुर्का मधेच उठली आणि दाराकडे निघाली. नाथाभाऊ आडवा आला.

"कुठं निघालीस? गायन चालू हाय."

"दादा, ते तिकडं उन्हात बसलेत. मी आत बसून कशी गाऊ?"

"नियम माझा न्हाई, दुर्के. मंडळीचा हाय."

"मग मंडळीला सांग, आम्ही घरी गातो."

ती गेली. पुन्हा त्या मंदिरात तिनं पाऊल टाकलं नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी, घंटा वाजली की दुर्काबाई दोरमाळावर वाख सोडायची. इलीशा चाक फिरवायचा, ती हातातून वाख सोडत मागं मागं चालायची आणि येशूची गाणी म्हणायची. शास्त्रातलं तिला जेवढं पाठ होतं तेवढं सांगायची. असं म्हणतात, की तिचं गाणं चालू असेपर्यंत कडुलिंबाची सावली जागची हलत नसे, आणि हातात दोराचा पदर असताना इलीशाला कधी आकडी आली नाही.

पहिल्यांदा आली ती राहेल. तिची लेक नदीत वाहून गेली होती, तेव्हापासून राहेल बोलायचीच बंद झाली होती. मंदिरात गेली की लोक तिला समजवायचे, देवाची इच्छा होती, लेक सुखाच्या जागी गेली. दुर्कानं तिला काहीच समजावलं नाही. दोराचं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "एवढं धर."

राहेल धरून उभी राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा आली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मग एका सकाळी वाऱ्याची झुळूक आली, दोराचा पदर तिच्या हातातून निसटला आणि राहेल ओरडली, "दुर्के, सुटला गं, सुटला!"

इलीशानं चाक थांबवलं. राहेलनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग ती रडायला लागली, आणि लेकीचं नाव घेऊन घेऊन रडली.

ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. दारूनं हात थरथरणारे आले, नवऱ्यानं टाकलेल्या आल्या, अंगावर चट्टे उठलेले आले. वरच्या आळीतली, ख्रिस्ती नसलेली माणसंही आली. दुर्का कुणाला काही विचारायची नाही. जो येईल त्याच्या हातात पदर द्यायची. दोर वळून झाला की सगळ्यांसाठी प्रार्थना, आणि मग चुलीवरची गरम भाकरी. थरथरणारे हात तिथं स्थिर झाले, असं म्हणतात. तिच्या दोरानं बांधलेलं आजारी जनावर सकाळपर्यंत उठून उभं राहायचं, असंही म्हणतात.

आणि नाथाभाऊ? साथीच्या तापात त्याची बायको एस्तेर गेली. तेव्हापासून त्याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. झोप नाही, अन्नावर वासना नाही. तो घंटा वाजवायचा, दार उघडायचा, लोकांच्या हातात हात द्यायचा, आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचा. हळूहळू रविवारी उपासना संपली की त्याचे पाय दोरमाळाकडे वळायला लागले. घायपाताच्या कुंपणाआड उभा राहून तो बहिणीचा आवाज ऐकायचा. छाती जरा हलकी व्हायची. मग कुणी बघेल म्हणून परत फिरायचा.

दुर्कानं एकदा त्याचं मुंडासं कुंपणावरून पाहिलं.

"दादा, आत ये की. एक हात कमी पडतोय."

"पुढल्या रविवारी येतो," नाथाभाऊ म्हणाला.

त्याला वाटायचं, आधी पंचांपुढं उभं राहावं, तो नियम मोडून घ्यावा, मग इलीशाच्या डोळ्याला डोळा द्यावा. पण पंचांच्या बैठकीत त्याचं तोंड उघडायचं नाही. दुर्का दर रविवारी हाक मारायची आणि तो तेच उत्तर द्यायचा. ती कधी रागावली नाही. एक पदर तेवढा खुंटीला बांधून ठेवायची. कुणी तो धरायला गेलं तर म्हणायची, "राहू दे. तो दादाचा हाय."

मग तापाची साथ पुन्हा आली. दुर्काबाई झोपडी झोपडी फिरली. जिथं घरचे लोकही आत जायला भ्यायचे तिथं ती आजाऱ्याचा हात हातात धरून बसायची. असं म्हणतात, की तिनं ज्याचा ज्याचा हात धरला तो उठून बसला आणि भाकरी मागू लागला. शेवटी ती स्वतःच आडवी झाली.

शनिवारी दुपारी नाथाभाऊला निरोप आला. तो उठला, पायात वहाणा घातल्या, आणि दारातच थांबला. उद्या रविवार आहे, त्याच्या मनात आलं. उद्या जाऊ, सगळ्यांदेखत जाऊ, तिला बरं वाटेल. त्यानं वहाणा काढल्या.

सकाळी तो घंटेचा दोर हातात घेणार तेवढ्यात पायरीवर इलीशा दिसला. इतक्या वर्षांनी तो तिथं आला होता. वर चढला नाही.

"नाथाभाऊ, ती गेली."

नाथाभाऊनं घंटेच्या दोराकडे नेलेला हात मागं घेतला.

"तिची पेटी खड्ड्यात सोडायला दोर न्हाई," इलीशा म्हणाला. "होते तेवढे साथीत लोकांला देऊन टाकले तिनं. वळायला हात पाहिजेत. या."

घंटा त्या दिवशी वाजली नाही. नाथाभाऊ कुंपण ओलांडून दोरमाळावर आला. माणसं पदर धरून उभी होती, राहेल सगळ्यांच्या पुढं. इलीशानं खुंटीचा पदर सोडला आणि मेहुण्याच्या हातात दिला.

"हे तुमचं."

नाथाभाऊ मागं मागं चालू लागला. त्याला काम येत नव्हतं, हात सोलवटले. तो एकदाच बोलला. "दुर्के, आलो गं." उत्तराला फक्त चाकाची करकर होती.

असं म्हणतात, की त्या दोराला कुठं गाठ पडली नाही, आणि वळून झाला तेव्हा त्याच्यावर पहाटेचं दव होतं, ऊन डोक्यावर आलेलं असताना. त्याच दोरानं तिला मातीत उतरवलं.

पंचांनी नंतर नियम मागं घेतला. मंदिराचे पाळकसाहेब स्वतः इलीशाला बोलवायला गेले. इलीशानं त्यांना पाणी दिलं, भाकरी दिली आणि म्हणाला, "तुम्हीच या इकडं." पाळकसाहेब पुढच्या रविवारी दोरमाळावर गेले. नाथाभाऊनं किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली आणि मरेपर्यंत तो दोरमाळावरच बसला. त्याच्या छातीवरचा दगड उतरला, असं म्हणतात. पण कुणी तसं म्हणालं की तो मान हलवायचा. "उतरला रे," म्हणायचा, "पण ती बघायला न्हाई."

आता सीना कोरडी असते आणि दुकानात नायलॉनचे दोर मिळतात. तरी बेलढोकमध्ये ख्रिस्ती वस्तीत कुणी वारलं, तर पेटीचा दोर दोरमाळावर माणसांनीच वळायचा, अशी रीत आहे. आणि काम सुरू करण्याआधी गेलेल्याशी ज्याचं येणं-जाणं तुटलं होतं त्याला बोलवणं जातं, मग तो भाऊ असो, शेजारी असो, की मंदिरात न येणारा कुणी असो. तो येऊन पदर हातात घेईपर्यंत माती देणं थांबतं. लोक घाई करत नाहीत. तो येतो, बहुतेक वेळा येतोच, दुर्काबाईचं नाव घेऊन पदर धरतो आणि मागं मागं चालायला लागतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. सगळे दोराकडे बघतात.