मान हाती आलेला मल्ल

पूर्वी वेत्रपुरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मल्लाच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुदंत. तो अंगाने फार थोराड नव्हता, पण त्याच्या हाती लागलेले मनगट सुटत नसे. मागून येऊन प्रतिमल्लाच्या मानेभोवती हात टाकायचा आणि दुसऱ्या हाताने तो आवळीत न्यायचा, हा त्याचा पेच सर्वांना ठाऊक होता. त्यात सापडलेला मल्ल एकतर मातीवर हात आपटून हार पत्करी, नाहीतर शुद्ध हरपून पडे. अरिंदमाने त्याला राजमल्ल केले होते.

वेत्रपूर आणि कंकपूर या दोन राज्यांच्या सीमेवर नदीकाठी एक मोठे कुरण होते. दोन्हीकडचे गवळी तिथे गुरे चारीत. त्यांच्यात भांडण नव्हते. भांडण राजांमध्ये होते. युद्ध टाळावे म्हणून राजांनी कुस्ती ठरवली. ज्याचा मल्ल जिंकेल त्याचे कुरण. दुसऱ्याने आपली गुरे कायमची काढून न्यावी. सूर्य मावळेपर्यंत कोणी हरला नाही तर कुस्ती बरोबरीची, आणि कुरण जसे आहे तसे राहील.

कंकपूरहून पिंगाक्ष नावाचा मल्ल आला. ऊन कलू लागल्यावर दोघे कुरणाजवळच्या आखाड्याच्या मातीत उतरले. शड्डू ठोकले, हाताला हात भिडले. पिंगाक्ष ताकदीचा होता, पण उतावळा होता. तो सुदंताचा पाय धरायला वाकला, तेव्हा सुदंत बाजूला सरकून त्याच्या पाठीवर गेला आणि त्याने मानेभोवती हात टाकला. वेत्रपूरचे लोक ओरडत उठले. कुस्ती संपली असे सर्वांना वाटले.

सुदंत त्याच्या कानाशी म्हणाला, "हात आपट, गड्या. उगाच मान जाईल."

"जाऊ दे," पिंगाक्ष कसाबसा म्हणाला. "इथेच मोड. गेल्या साली माझा भाऊ हरला. आमच्या राजाने त्याला हत्तीच्या पायी दिलं. मला तसं मरायचं नाही."

सुदंताने पाहिले, तो माणूस खोटे बोलत नव्हता. त्याच्या मानेची शीर हाताखाली वेगाने उडत होती. सुदंताच्या मनात आले, 'मी जिंकलो तर हा मरेल आणि कंकपूरचे गवळी कुरणातून हाकलले जातील. मी हरलो तर आमचे गवळी जातील. यातले काहीच नको असेल तर सूर्य मावळेपर्यंत यालाही पडू द्यायचे नाही आणि आपणही पडायचे नाही.' जिंकण्यापेक्षा हे अवघड होते. त्याने हात सोडला नाही. फक्त श्वास घेता येईल इतकी पकड सैल केली.

पिंगाक्षाला वाटले, हा थकला. त्याने सुदंताची करंगळी धरून मागे वाकवली. हाड मोडल्याचा आवाज पुढे बसलेल्यांनाही ऐकू आला. सुदंताच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पकड सुटली. पिंगाक्ष वळून अंगावर येताच सुदंताने त्याला कमरेवर घेऊन फेकले; पण पडता पडता असे फिरवले की त्याची पाठ मातीला लागली नाही. तो पालथा पडला. सुदंत त्याच्या पाठीवर बसला, पायांनी त्याचे पाय गुंतवले आणि तसाच राहिला.

वेळ जाऊ लागला. लोक कंटाळून ओरडू लागले, "अरे, उलटा कर त्याला! झोपलास काय?"

पिंगाक्षाने दोनदा उठण्याची धडपड केली. मग त्याच्या ध्यानात आले.

"मला चीत का करत नाहीस?" त्याने हळूच विचारले.

"गप्प पडून राहा. नदीपलीकडे सूर्य टेकलाय."

पिंगाक्ष मातीत तोंड खुपसून रडला, पण त्याचे अंग हलले नाही. सूर्य मावळला. पंचांनी बरोबरी जाहीर केली. दोन्ही राजे नाखुशीने आपापल्या स्थानी गेले.

अरिंदम तरुणपणी स्वतः मातीत खेळलेला होता. कंकपूरची मंडळी सीमेपार गेल्यावर त्याने सुदंताला एकट्याला बोलावले.

"खरं सांग. तू त्याला हरवू शकत होतास?"

"होय महाराज. पहिल्या पकडीतच."

"माझं मीठ खाऊन मला कुरणाला मुकवलंस?"

"महाराज, आपली गुरं आजही तिथेच चरतात. आपलं काही गेलं नाही. मी मात्र आपल्या आज्ञेबाहेर वागलो, त्याची शिक्षा मला द्यावी."

"तो परका माणूस. तो तुझा कोण लागत होता?"

"कोणी नाही, महाराज. त्याची मान माझ्या हातात होती, एवढंच."

राजाने सुदंताचे राजमल्लपद काढून घेतले आणि त्याला नगराबाहेर जायला सांगितले. देहदंड मात्र दिला नाही. सुदंत नमस्कार करून निघाला. कुरणाजवळच्या गवळ्यांनी त्याला ठेवून घेतले. करंगळी वाकडीच जुळली, आणि तो पेच त्याला पुन्हा कधी आवळता आला नाही. पुढे पिंगाक्षही बायकोमुलांसह कंकपूर सोडून तिथे आला. दोघे मिळून गुरे राखीत राहिले.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्याने ही कथा सांगितली तेव्हा विहारात नुकताच एक वाद झाला होता. एका विद्वान भिक्षूने नव्याने आलेल्या भिक्षूला प्रश्नावर प्रश्न विचारून असे कोंडीत पकडले, की त्याला सर्वांदेखत रडू कोसळले. तरी विद्वान थांबला नव्हता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तो राजा अरिंदम म्हणजे तुमचा वाद ऐकत बसलेले हे वृद्ध भिक्षू, स्थविर. मल्ल सुदंत मीच होतो." मग विद्वान भिक्षूकडे पाहून तो म्हणाला, "आणि ज्याची मान सोडली, तो पिंगाक्ष तू होतास."

विद्वान भिक्षू खाली मान घालून उठला आणि त्या नव्या भिक्षूशेजारी जाऊन बसला.

अंगी बळ असून ते आवरून धरणे, आणि त्यापायी जे सोसावे लागेल ते राग न धरता सोसणे, हीच क्षांती. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती आचरली.