उभा हात

"पण उजवाच का?" केवलगिरी महाराजांनी विचारलं.

हर्षद भांगरेनं उजवा हात मांडीखाली सरकवला.

त्र्यंबकजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी महाराजांची मठी होती. त्यांचा स्वतःचा उजवा हात कित्येक वर्षांपासून आभाळाकडे उभा होता. दंडावर मांस नव्हतं. बोटं आत वळलेली, नखं वाढून तळव्यात शिरलेली. लोक लांबून त्या हाताच्या दर्शनाला येत.

हर्षद दर्शनाला आला नव्हता. त्याला तेच, हात कायम उभा धरण्याचं व्रत घ्यायचं होतं. तो डॉक्टर होता. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या त्याच्या गावचा पहिलाच. नोकरी सोडून तीन दिवसांपासून मठीत येऊन राहिला होता.

"मला दीक्षा द्या," तो म्हणाला. "समजावत बसू नका. हाताचं पुढं काय होतं, ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे."

महाराजांना राग आला नाही.

"मग सांग की. मला कधी कुणी सांगितलंच नाही."

हर्षद सरसावून बसला. त्याला वाटलं, परीक्षा आहे. आणि परीक्षेत तो कधी मागं पडला नव्हता.

"स्नायू म्हणजे जुडगा असतो, महाराज. जुडग्यात लहान जुडगे, त्यांत तंतू, तंतूंत आणखी बारीक धागे. दोन प्रकारचे. जाड आणि पातळ. जाड धाग्याला इवलेइवले आकडे असतात. मेंदूकडून सांगावा आला, की ते आकडे पातळ धाग्याला धरतात आणि ओढतात. धरायचं, ओढायचं, सोडायचं, पुन्हा पुढं धरायचं. धागा कुठलाच आखूड होत नाही. एकमेकांत सरकतात, आणि स्नायू आखडतो."

"आणि पुन्हा लांब होतो, तो स्वतः?"

"नाही. स्नायूला फक्त ओढता येतं. ढकलता येत नाही. हात वाकवणारा वेगळा, सरळ करणारा वेगळा. एकानं ओढताना दुसऱ्याला सोडावं लागतं."

"सोडणं सोपं असेल."

"नाही." हर्षदचा आवाज किंचित खाली आला. "सोडायलाही शक्ती लागते. ती संपली, की आकडे धरलेलेच राहतात. माणूस गेल्यावर ताठतो तो... त्यामुळंच."

महाराज त्याच्याकडे पाहत राहिले.

"कोण गेलं?"

...

बाहेर वानरं पत्र्यावरून उड्या मारत गेली.

"रोहिदास. धाकटा भाऊ."

"कशानं?"

"मण्यार चावली. झोपेत. मी सुट्टीवर घरीच होतो. त्या विषानं स्नायू मरत नाहीत, महाराज. फक्त सांगावा पोचत नाही. आधी पापण्या मिटल्या, मग मान पडली, मग छाती हलेना. आत सगळं शाबूत होतं. कुणीतरी श्वास देत राहायला हवं होतं, इतकंच. विष उतरलं असतं."

"मग?"

"तालुक्याहून नाशिकला नेताना ॲम्ब्युलन्समध्ये श्वास देणारं यंत्र नव्हतं. रबरी फुगा होता. दाबला की हवा आत जाते, सोडला की फुगा पुन्हा भरतो. मी दाबत बसलो. या हातानं. ड्रायव्हरशेजारी कंपाउंडर होता. तो दोनदा म्हणाला, 'साहेब, मी धरतो थोडा वेळ.' मी म्हटलं, तुला जमायचं नाही."

हर्षदनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"घाटात हाताला गोळा आला. बोटं मिटली ती उघडेनात. फुगा हातात तसाच दाबलेला. मी डाव्या हातानं ओढून काढतोय, आणि तो निसटून खाली सीटखाली गेला... सापडेपर्यंत..."

महाराजांनी डाव्या हातानं पाण्याचा लोटा त्याच्याकडे सरकवला.

"सगळे म्हणतात, तो तसाही वाचला नसता. मी डॉक्टर आहे. मला माहीत आहे, तो वाचला असता."

"घरी कोण आहे?"

"आई."

"काय म्हणाली?"

"काही नाही. तिनं माझा हात हातात घेतला आणि चोळत बसली. अजून दुखतोय का, असं विचारत होती. मी तिथून उठलो तो परत गेलो नाही."

महाराज सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "इकडं ये. दोन्ही हातांनी माझा हात खाली आण."

हर्षद दचकला. "तुमचं व्रत..."

"आण म्हटलं ना."

त्यानं एक हात खांद्याला लावला, दुसऱ्यानं मनगट धरलं. हलकेच दाब दिला. मग जरा जास्त. कातडीखाली दोरीसारखं काहीतरी ताणलं गेलं. सांधा तसूभरही हलला नाही. हर्षदनं हात काढून घेतले. महाराजांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दुखलं?"

"नाही रे. तिथं दुखायला काही उरलेलं नाही."

ते भिंतीला टेकले.

"माझी आई आली होती इथं. उन्हाळ्यात, संगमनेरहून, एकटीच. बाहेरच्या पायऱ्या चढताना तिला भोवळ आली. या दारासमोर पडली. दुपारची वेळ, आसपास कुणी नाही. दगड इतका तापलेला, की पाय ठेववत नव्हता."

"आणि तुम्ही व्रत मोडलं नाहीत?"

"मोडलं की."

हर्षदला कळलं नाही.

"त्याच क्षणी मोडलं. हाताला म्हटलं, खाली ये. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं..." महाराजांनी वर पाहिलं. "आला नाही. एका हातानं तिला ओढत होतो. तिचं लुगडं फाटलं, पण ती सरकेना. सावलीत नेईपर्यंत तिची पाठ भाजून निघाली होती. दोन दिवस काढले तिनं. कुशीवर. आणि गेली."

...

"मग लोक आले. म्हणाले, आई पडली तरी महाराजांनी हात खाली घेतला नाही. केवढी निष्ठा. तेव्हापासून गर्दी वाढली."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"सांगितलं. त्यांना ती नम्रता वाटली."

ऊन उतरणीला लागलं होतं. हर्षद तसाच बसून होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा कुठंतरी गळून गेला होता. उजव्या हाताची बोटं त्यानं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आणि मग तो रडला. रोहिदास गेल्यापासून पहिल्यांदा. महाराजांनी त्याला थांबवलं नाही.

रडून झाल्यावर त्यानं विचारलं, "मग या हाताचं मी करू तरी काय?"

महाराजांनी डाव्या हातानं खांद्यावरची कफनी सोडली आणि त्याच्याकडे पाठ केली. पाठीवर मळाचे थर होते, आणि मधोमध एक जुनं, न धुतलेलं गळू.

"पाणी तापव," ते म्हणाले. "माझा हात तिथं पोचत नाही."