आक्षेपाचा अर्ज

“पण एक कादंबरी कपाटातून काढायला अर्ज कशाला हवा, गुरुजी?”

शशिकांत तोरस्कर, नगरपरिषदेचे शिक्षण सभापती, तावातावाने विचारत होते. समोर वाचनालयाचे ग्रंथपाल नामजोशी गुरुजी. शाळेत त्यांनीच तोरस्करांना शिकवलेलं, त्यामुळे गावात सभापतींना अरेतुरे करणारे तेवढे एकटेच.

“कारण लिहावं लागतं, शशी.”

“कारण? हे वाचून माझी लेक केतकी ठरलेलं लग्न मोडून गावातल्याच मावशीकडे जाऊन राहिली. महिना झाला, माझा फोन उचलत नाही!”

गुरुजींनी छापील अर्ज पुढे सरकवला. तोरस्करांनी तो भराभर भरला. एक रकाना कोरा राहिला : ‘पुस्तक पूर्ण वाचले आहे काय?’

“असली पुस्तकं मी वाचत नाही.”

“मग अर्ज समितीपुढे जायचा नाही.”

“बरं. वाचतो. पण तोवर ते कुणाला देऊ नका.”

“तुझ्याच नावावर देतो. मग कुणाला मिळणार?”

तोरस्कर पुस्तक काखेत मारून तणतणत निघून गेले.

आठव्या दिवशी ते परत आले. त्यांनी एक पान उघडून गुरुजींसमोर धरलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘हे आबांना कसं सांगू?’

“केतकीचं अक्षर. मला आबा म्हणते ती,” तोरस्कर म्हणाले.

गुरुजींनी खोडरबर काढला. पुस्तकात लिहिणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. दर मंगळवारी ते असले समास खोडत बसत. याच अपराधासाठी शशीने शाळेत त्यांच्या छड्याही खाल्ल्या होत्या.

तोरस्करांनी पुस्तक झटकन मागे ओढलं.

“नको, गुरुजी.”

“आणि अर्ज?”

तोरस्करांनी नकारार्थी मान हलवली.

गुरुजींनी खोडरबर परत खणात टाकला. खणातून एक पेन्सिल काढली. सावकाश टोक केलं आणि ती तोरस्करांपुढे ठेवली.

“पुस्तकात लिहायला मनाई आहे ना?”

“आहे.”



एखादं पुस्तक हवं असलं की वाचक ज्या वहीत नाव लावून ठेवतात, ती वही गुरुजींनी उघडली. चष्मा वर सरकवला. एका ओळीवर बोट ठेवलं.

“तुझ्यामागून पुन्हा केतकीचाच नंबर आहे.”