मिशी की कान?

साकव पुन्हा पडला! नदीत नव्हे हो, नदीत पडायला आधी बांधायला नको का? तो पडला भैरवगडच्या राजसभेत, मतदानात.

नदीवर एक साधा लाकडी पूल बांधायचा, एवढाच ठराव. पण तो मांडला तुरेवाल्यांनी, म्हणून गोंडेवाल्यांनी अडवला. मागच्या साली तोच ठराव गोंडेवाल्यांनी मांडला होता, तेव्हा तुरेवाले आडवे आले होते. एकाच्या पागोट्याला तुरा, दुसऱ्याच्या पागोट्याला गोंडा, बाकी दोघांत फरक काय ते देव जाणे! दोन्ही गट बरोबरीचे, त्यामुळे काहीच मंजूर व्हायचं नाही. आणि सभेच्या मंजुरीवाचून राजालाही खजिन्यातला छदाम काढता यायचा नाही, अशी थोरल्या महाराजांनी घालून दिलेली रीत.

भैरोजी राजे कपाळाला हात लावून बसले होते. तेवढ्यात चिमा परटीण पदर खोचून थेट त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सरकार, माझ्या लेकीचं, आवडीचं लग्न मोडायला आलंय! नवरदेव घोड्यासकट नदीत आडवा झाला, मुंडावळ्या वाहून गेल्या! व्याही म्हणतात, साकव होऊ दे, मगच वऱ्हाड येईल. नाहीतर दुसरी मुलगी बघतो!"

"मी काय करू गं? सभा ऐकत नाही!"

"सभा कुठाय सरकार? दारात गाठोडं घेऊन उभी होते, सगळं बघितलं. सभेत माणसं दोनच, बाकी सगळ्या त्यांच्या सावल्या!"

ती दोन माणसं म्हणजे तुरेवाल्यांचे पुढारी बाळोजीराव आणि गोंडेवाल्यांचे पुढारी शिदोजीराव. दोघं पहिल्या रांगेत बसायचे. मत घ्यायची वेळ आली की मागची मंडळी माना उंच करून आपापल्या पुढाऱ्याकडे बघायची. पुढाऱ्यानं मिशीला हात लावला की होकार. कान खाजवला की नकार. दोन्ही गटांच्या खुणा एकच, कारण दोघेही पुढारी पूर्वी एकाच गटात होते! आणि वर राजाला छातीठोकपणे सांगायचे, "छे छे महाराज! आमचा प्रत्येक सभासद आपल्या मनानं मत देतो!"

राजे चिडून म्हणाले, "फार बोलतेस! मग तूच लाव त्यांना स्वतःच्या मनानं मत द्यायला. पण कुणाला सभेबाहेर काढायचं नाही, कुणाची जागा हलवायची नाही, कुणाला दमदाटी करायची नाही. परवा ठराव पुन्हा मांडतो. जमलं तर साकव तुझा. नाही जमलं तर साकवाचं नावही काढायचं नाही!"

"कबूल!" चिमा म्हणाली आणि गाठोडं उचलून चालू लागली.

त्या गाठोड्यात दोन्ही पुढाऱ्यांचे कपडे होते. तिनं ते लख्ख धुतले आणि वाळत घातले. कुठं? नदीकाठी खाजकुयलीची जाळी होती ना, बरोब्बर तिच्यावर! शेंगांची सगळी लव कपड्यांना लागली. कपडे तिनं काठीनंच उचलले, काठीनंच घडी घातली आणि वेळेवर पोचते केले.

ठरल्या दिवशी सभा भरली. राजांनी विचारलं, "बोला, साकव बांधायचा की नाही?"

सगळ्या माना उंच झाल्या.

बाळोजीरावांनी नुकताच उपरण्यानं घाम पुसला होता. त्यांचा हात कानाकडे गेला. मग मिशीकडे. मग पुन्हा कानाकडे, मग मानेवर, मग चक्क पाठीवर! तिकडे शिदोजीराव दोन्ही हातांनी मिशी ओरबाडत होते आणि खांद्यानं कान घासत होते.

"मिशी की कान?" मागून कुजबुज उठली.

"मिशी! मी पाहिलं!"

"अरे, पण लगेच कान!"

"कान खाजेनं खाजवला असेल. मिशी खरी!"

"पाठीचा अर्थ काय हो?"

"पाठिंबा असेल!"

पुढारी तर पार रडकुंडीला आले. ओरडून सांगावं, तर राजासमोर बिंग फुटणार! आणि मागचे सगळे तर तीच नदी ओलांडताना दर आठवड्याला धोतरं भिजवणारे. एक हात वर झाला. मग दुसरा. मग तुरेवाले, गोंडेवाले, सगळ्यांचेच हात वर!

"ठराव मंजूर!" राजे ओरडले.

"घात झाला! आमच्या माणसांनी खूण चुकीची ओळखली!" बाळोजीराव किंचाळले.

राजे पुढे वाकले. "खूण? कसली खूण, बाळोजीराव?"

बाळोजीरावांचा चेहरा पडला. शिदोजीराव घाईघाईनं दुसरीकडे बघू लागले, पण खाजवणं काही थांबेना.

राजांनी चिमाला पुढे बोलावलं, तशी तिनं खाजकुयलीची गंमत हळूच सांगून टाकली. "खाज यांना, आणि मतं त्यांची स्वतःची कशी गं झाली?"

"सरकार, त्या खाजवण्याला काही अर्थच नव्हता. ज्याला साकव हवा होता, त्याला मिशीच दिसली. म्हणजे बोलले ते त्यांचंच मन ना?"

राजांना हसू आवरेना. "शाबास! पण दर सभेला यांना खाजकुयली लावणार का?"

"छे! पुढाऱ्यांना शेवटच्या रांगेत बसवा. पुढच्यांच्या पाठीला डोळे नसतात. आणि जो मान वळवून मागं बघेल, तो सगळ्यांना दिसेल!"

"पण जागा बदलायच्या तर सभेचीच मंजुरी लागते."

"मग आत्ताच घ्या की सरकार! यांची आंघोळ व्हायच्या आत!"

राजांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. दोन्ही पुढारी सभेतल्या खांबांना पाठ घासत होते. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हात भराभर वर झाले!

राजे पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी चिमाच्या हातात ठेवलं. "सुतार आजच नदीवर जातील. आवडीच्या लग्नाचा सगळा खर्च आमचा. आणि आम्ही स्वतः लग्नाला येणार!"

"या की सरकार!" चिमा म्हणाली. "फक्त मागच्या रांगेत बसा. नाहीतर भटजी मंगलाष्टकं म्हणायची सोडून तुमच्या मिशीकडेच बघत बसतील!"

राजांचा हात मिशीपर्यंत गेला, तो तिथंच थबकला. मग ते असे गडगडून हसले की शेवटच्या रांगेकडे निघालेले दोन्ही पुढारीही खाजवता खाजवता हसू लागले!