डाव्या मनगटावरचे ठिपके

"मग आता तरी म्हणाल ना भन्ते, की गुण माझ्या अर्काचाच?"

उत्पलाने भिंग खाली ठेवलं. आवाजातला आनंद तिला लपवता येत नव्हता.

रामटेकच्या पलीकडे, टेकडीवरच्या लहानशा विहारात भन्ते उपसेन राहत. त्यांच्यापुढे बसूनच ती प्रश्न विचारायला शिकली होती. आता ती क्रीम बनवणाऱ्या एका कंपनीत संशोधक होती. बावचीच्या बियांचा अर्क तिने काढला होता. तो नव्या क्रीममध्ये घालायचा की नाही, हे तिच्या शब्दावर ठरणार होतं.

प्रयोगशाळेतल्या चाचण्या चांगल्या आल्या होत्या. पण जिवंत कातडीवर तो काय करतो, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. भन्तेंच्या दोन्ही मनगटांवर कोडाचे जुने, दुधाळ चट्टे होते. तिने विचारलं, तेव्हा त्यांनी नुसता उजवा हात पुढे केला होता.

हिवाळाभर ती येत राहिली. ती त्या उजव्या मनगटावर अर्काचं बोट फिरवायची. भन्ते थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसायचे.

आणि आज त्या पांढऱ्यावर तपकिरी ठिपके उगवले होते. एकेका केसाच्या मुळाशी एकेक, मोहरीहूनही बारीक.

"इतकी वर्षं कोरी पडलेली कातडी, भन्ते! बघा तरी."

"बघतोय. फार सुंदर आहे."

"कंपनीतल्या साहेबांना आत्ताच कळवते."

तिने फोन लावला.



तेवढ्यात भन्तेंनी अंगावरचं चीवर बाजूला सारलं. डावा हात बाहेर आला. तो कायम वस्त्राखाली असे. त्याला अर्क लागला नव्हता, ऊनही लागलं नव्हतं.

उत्पला वाकली.

…

तिथेही ठिपके होते. तेवढेच बारीक, तेवढेच दाट.

"हॅलो, मॅडम? बोला ना," फोनमधून आवाज येत होता.

"सर, अर्काबद्दल मला अजून काहीच सांगता येणार नाही," ती म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

"हे कधीपासून, भन्ते?"

"काल आंघोळ करताना दिसलं."

"इकडे काही लावलंत?"

"नाही."

"खाण्यात काही वेगळं? एखादं औषध?"

"दानात येतं तेच. नेहमीचं."

तिच्या अंगावर काटा आला. त्या ठिपक्यांना हात लावावासा वाटत होता, पण बोट पुढे होईना. ती तशीच फरशीवर बसली. 

"मग भन्ते…" ती अगदी हळू म्हणाली, "हे उगवतं तरी कशानं?"

भन्तेंनी दोन्ही मनगटं शेजारी शेजारी धरली. त्यांचे म्हातारे डोळे लकाकत होते.

"मलाही तेच बघायचंय. जरा सरक, उजेड अडतोय."