वाजणारं कापड

"हे गप्प कधी होणार, नाना?"

नाना ओट्यावर बसून दोराला गाठी मारत होते. गाठ मारताना ते कुणाच्या बापाला उत्तर देत नाहीत.

शार्दूल अंगणात टबापुढे उकिडवा बसला होता. हातात ओलं पांढरं कापड. चुरगाळायचा, पिळायचा, उलगडून झटकायचा. झटकलं की ते कडकड वाजायचं आणि याचं तोंड उतरायचं.

कापड आपलं म्हणायचं म्हणून. थंड हवेच्या ठिकाणी लाकडी बंगले बांधतात ना, तिथे भिंतीला फळ्यांच्या आतून हे गुंडाळतात, म्हणजे वारा-पाणी घरात शिरत नाही. दिसायला कागदासारखं, पण ओढून फाटत नाही, आणि वजन म्हणाल तर नाहीच. याचा तंबू शिवायचा, ही शार्दूलच्या डोक्यातली कल्पना. पाठीवरचं ओझं निम्म्यावर येईल, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

कल्पना चांगली होती, कशाला खोटं बोलू? फक्त हे कापड कोरं असलं की वाऱ्यात पापड मोडल्यासारखं वाजतं. मऊ करायचं तर गार पाण्यात भिजवून हातांनी चुरगाळत राहायचं, सावलीत वाळवायचं, पुन्हा भिजवायचं.

"गरम पाणी घेऊ का थोडं?" शार्दूलनं विचारलं.

"नको."

"लवकर मऊ होईल."

"होईल. मग पाणीही आत घेईल."

तो पुन्हा चुरगाळू लागला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सॅकचे पट्टे शिवत होतो. नाना आणि मी तरुणपणापासून एका दोराला बांधलेले. माझा गुडघा गेला, त्यांचे डोळे गेले, आता आम्ही दोघं या कड्याकाठच्या घरात राहतो आणि डोंगर शिकायला येणाऱ्या पोरांना शिव्या घालतो. शार्दूल त्यांतलाच. हुशार, चपळ आणि भारी घमेंडी. मला तो कधीच फारसा आवडला नाही.

मला दिगंबर आवडायचा.

दिगंबर कुडपणे. खालच्याच गावचा. दोघं नानांकडे एकत्र शिकले आणि गेल्या हिवाळ्यात हिमाचलात एकत्र गेले, ते याच कोऱ्या कापडाचा तंबू पाठीवर घेऊन. खिंडीखाली वादळानं गाठलं. तंबूचा एक दोर सुटला. दिगंबर तो बांधायला बाहेर पडला, बर्फावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. उजाडल्यावर शार्दूलला तो सापडला. हाकेच्या अंतरावर होता. गोठलेला.

"माझा डोळा लागला होता," असं शार्दूलनं परत आल्यावर सांगितलं. "आणि कापड असं वाजत होतं की त्यानं हाका मारल्या असतील तरी मला कळणं शक्य नव्हतं."

सगळ्यांना पटलं. दिगंबरच्या वडिलांना, आबांनाही पटलं. उलट म्हातारा यालाच जवळ घेऊन रडला.

"रविवारी आबांकडे जायचंय," शार्दूल टबात बघत म्हणाला. "त्याआधी हे मऊ झालं पाहिजे. आबांच्या हातात देणार आहे. म्हणणार आहे, आबा, हे वाजत नाही. इथून पुढे कुणाची हाक वाया जाणार नाही. दिग्याच्या नावानं पोरांना असेच तंबू शिवून देणार आहे मी."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, आपण उगाच या पोराला नावं ठेवत होतो.

नानांनी हातातली गाठ सोडली.

"फार वाजत होतं?"

"नाना, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं."

"हं..."

थोड्या वेळानं पुन्हा, "आणि हे गप्प झाल्यावर तुला काय ऐकायचंय?"

शार्दूलनं कापड पुन्हा पाण्यात बुडवलं. मला काही कळलं नाही.

"कोरा तुकडा आहे का अजून?"

"आहे. दिग्याबरोबरचा तंबू होता त्याच थानातला."

"बांध. तिकडे, कड्यावर."

दुपार उतरायला लागली की खालून कोकणातला वारा कडा चढून वर येतो. आमच्याकडे त्या वेळी वाळत टाकलेलं धोतर जागेवर राहत नाही. तिथे शार्दूलनं काठ्या रोवल्या, कोरं कापड तंबूसारखं ताणलं, दोर आवळले. हात सफाईदार होता त्याचा, नानांचाच शिष्य. कापडात वारा भरला आणि अरे देवा, काय तो आवाज! कानात खडे ओतल्यासारखं होत होतं.

"बघा!" तो ओरडला. "सांगत होतो ना?"

"आत जा," नानांनी हातानं खूण केली.

तो तंबूत शिरला, तोंडावरचं कापड ओढून घेतलं. नाना माझा हात धरून मागे मागे चालत गेले, पार करवंदीच्या जाळीपर्यंत. मला वाटलं, आता जोरात हाक मारणार. नानांची हाक म्हणजे एके काळी समोरच्या डोंगरावरचे गुराखी वळून बघायचे.

नाना ओरडले नाहीत. रोज ओट्यावर बोलतात तेवढ्याच आवाजात म्हणाले,

"शार्दूल, चहा घेतोस का रे?"

"नको, नाना," आतून उत्तर आलं.

...

मग नुसतं कापड वाजत राहिलं.

तो बाहेर आला नाही. मी पुढे जायला निघालो, तर नानांनी माझं मनगट धरून ठेवलं. आम्ही दोघं तिथेच, जाळीपाशी, उभे राहिलो. बराच वेळ.

शेवटी तोंडावरचं कापड बाजूला झालं. शार्दूल गुडघ्यांवर बाहेर आला, पण उभा राहिला नाही. नाना माझा हात धरून त्याच्यापाशी गेले आणि समोर मातीत बसले.

"हिमाचलात वारा याहून मोठा होता," शार्दूल म्हणाला.

"असेल."

"खूप मोठा होता, नाना."

"बरं."

...

"बूट गोठले होते," तो म्हणाला. "बोटं वळत नव्हती. बाहेर गेलो तर मीही राहिलो असतो. वाटलं, त्यानं अजून एक हाक मारली तर जाऊ."

"मारली?"

"मारली."

"मग?"

"मग वाटलं... अजून एक."

मला तिथे थांबवेना. त्याच्या दोन कानाखाली वाजवाव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावं असंही वाटलं. यांतलं मी काहीच केलं नाही. पाठ करून दरीकडे बघत राहिलो. दिगंबर याच कड्यावर पहिल्यांदा दोराला लोंबकळला होता, भीतीनं पांढराफटक पडला होता आणि तरी हसत होता. ते आठवलं.

"कितीदा मारली, तेही सांगू का?" शार्दूल मागे म्हणत होता. "मोजल्यात मी. रोज मोजतो."

"मला नको सांगू," नाना म्हणाले.

"शेवटी तो मला बोलवत नव्हता, नाना. आबा, आबा, असं म्हणत होता..."

वाऱ्यानं कापड फुगायचं, पडायचं, पुन्हा फुगायचं.

हळूहळू वारा उतरला. शार्दूल उठला, अंगणात गेला, टबातलं कापड उचलून त्यानं पिळलं आणि झटकलं. इतका वेळ वाजणारं ते आता अगदी हलकं सळसळलं, जुन्या लुगड्यासारखं. झालं होतं मऊ. तो ते हातात धरून उभा होता, आणि त्यातलं पाणी त्याच्या पायांवर गळत होतं.

"रविवारी काय करू?" त्यानं विचारलं. आवाज लहान मुलाचा झाला होता. "हे देऊ ना आबांना?"

नाना चाचपडत तंबूकडे वळले. एकेक दोर सोडला, काठ्या उपटल्या, कोऱ्या कापडाची घडी घातली. घडी घालतानाही ते कडकड वाजत होतं. मग अंगणात येऊन त्यांनी शार्दूलच्या हातातलं मऊ कापड काढून घेतलं आणि ती घडी तिथे ठेवली.

"हे घेऊन जा. आबांना यात बसव. आणि तू बाहेरून हाक मार."